ऑटिझमच्या पहिल्या रुग्णाचं म्हातारपण

ऑटिझम (स्वमग्नता) म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लहान मूल येतं. पण हेच मूल पुढे सत्तरीचं, ऐंशीचं होतं, तेव्हा त्याचं काय?

डोनाल्ड ट्रिपलेटचा जन्म १९३३ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, फॉरेस्ट या लहानशा गावी झाला. तो तीन वर्षांचा असताना डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्याला एका संस्थेत ठेवलं. वर्षभराने आईवडिलांनी त्याला घरी परत आणलं आणि बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांना दाखवलं. १९४३ साली कॅनर यांनी अकरा मुलांवर निबंध लिहिला आणि ऑटिझमचं निदान वैद्यकशास्त्रात आलं. त्यातला पहिला रुग्ण डोनाल्ड.

१९७१ मध्ये कॅनर यांनी त्याच मुलांचा पुन्हा मागोवा घेतला. सरकारी मनोरुग्णालयात वाढलेल्यांची पूर्वीची कौशल्यंही मावळली होती. डोनाल्ड मात्र पदवी घेऊन गावातल्या बँकेत नोकरी करत होता. लहानपणी काही काळ तो एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला सारखं मोजायचा नाद होता. त्यांनी नांगरताना मक्याच्या ओळी मोजायला सांगून त्या नादालाच कामाला लावलं!

पुढे आईवडील गेले, तरी डोनाल्ड त्याच घरात एकटे राहिले. सत्ताविशीत गाडी शिकले, गोल्फ खेळले, देशोदेशी फिरले. त्यांना कोणी त्रास देऊ नये म्हणून गावकरी लक्ष ठेवत. २०२३ साली, ८९व्या वर्षी ते गेले. घरची सुबत्ता होती हे खरं, पण शेजाऱ्यांची सोबत पैशाने मिळत नाही.

ऑटिझमला अमेरिकेच्या निदानपुस्तिकेत स्वतंत्र जागा १९८० साली मिळाली. त्यामुळे आज साठी-सत्तरीत असलेल्या अनेकांचं निदान कधी झालंच नाही. त्यांना आपण 'विक्षिप्त' म्हणून सोडून देतो. वयानुसार रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी त्यांनाही गाठतात. पण दुखणं शब्दांत सांगणं काहींना जमत नाही. दवाखान्यातली गर्दी आणि आवाज सहन होत नाहीत, म्हणून तपासणी टळते. वागण्यात अचानक बदल दिसला, तर तो स्वभाव न समजता आधी दात, पोट, कान तपासून घ्या.

पालकांनो, 'आमच्यानंतर कोण?' हा प्रश्न पुढे ढकलू नका. १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यानुसार, गरज असल्यास, १८ वर्षांवरील ऑटिस्टिक व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. सवयी, औषधं, आवडीनिवडी एका वहीत लिहून ठेवा. आणि तुमच्या मुलाला नावाने ओळखणारी चार माणसं आजपासूनच जोडा.