फ्लॅकपासून वेव्हपर्यंत : ध्वनी उलगडण्याचा इतिहास



प्रयोगशाळेत दर वर्षी एक प्रश्न हमखास येतो : "सर, फ्लॅक फाइल वेव्हमध्ये बदलली की आवाज सुधारतो का?" फाइलचा आकार जवळजवळ दुप्पट झालेला दिसतो, म्हणून आत काहीतरी भर पडली असणार असे वाटते. उत्तर सोपे आहे. आवाज सुधारत नाही आणि बिघडतही नाही. हे इतक्या खात्रीने का सांगता येते, ते या टिपणात पाहू. या बदलात एक गोष्ट मात्र हरवू शकते. ती मला स्वतःच्या चुकीतून कळली. तिच्याविषयी शेवटी बोलू.

१. वेव्ह : जसे आहे तसे लिहिणे

१९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. तिच्यात प्रत्येक वाहिनीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट असे माप होते. दोन वाहिन्या धरल्या तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात, म्हणजे मिनिटाला साधारण १०.६ एमबी.

हे आकडे संगणकावर ठेवण्यासाठी मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी १९९१ मध्ये वेव्ह हे स्वरूप आणले. त्याची रचना एखाद्या खणांच्या पेटीसारखी आहे. एका खणात नमुन्यांचा वेग व बिटसंख्या असते आणि दुसऱ्या खणात नमुने ओळीने मांडलेले असतात. ते वाचायला कसलेही गणित लागत नाही, त्यामुळे ध्वनिसंपादनाची जवळजवळ सर्व साधने वेव्ह वाचतात. मात्र ते जागा फार खाते, आणि आकाराची नोंद ३२ बिटांत असल्याने मूळ स्वरूपातली फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही.

२. अंदाज बांधण्याची कल्पना

जागा वाचवायची आणि एकही बिट गमवायचा नाही, हे कसे साधायचे? क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्येच दाखवले होते की ज्या गोष्टीचा अंदाज करता येतो ती साठवायला कमी बिट लागतात. ध्वनीचा पुढचा नमुना मागच्या नमुन्यांवरून बराचसा ओळखता येतो.

या कल्पनेचा एक धागा आमच्या बंगळुरूतून जातो. भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे इथल्या जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही असलेल्या 'टाटा इन्स्टिट्यूट'मध्ये, बिष्णू अटल शिकले आणि १९५७ ते १९६० या काळात त्यांनी तिथे अध्यापनही केले. १९६१ मध्ये ते अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेले. तिथे मॅनफ्रेड श्रोडर यांच्यासोबत त्यांनी बोलण्याच्या ध्वनीसाठी रेषीय अनुमानाची पद्धत विकसित केली. त्याच सुमारास जपानमध्ये इताकुरा आणि सायतो हेही याच दिशेने काम करत होते. त्या सर्वांपुढचा प्रश्न टेलिफोनचा होता, कमी बिटांत बोलणे पोहोचवण्याचा. तिथे थोडा तपशील गेला तरी चालत होते.

एक छोटे उदाहरण वहीत करून पाहा. नमुने आहेत १००, १०४, १०९, ११३, ११६. नियम असा : मागच्या नमुन्याची दुप्पट करा आणि त्यातून त्याच्या मागचा नमुना वजा करा.

- तिसऱ्याचा अंदाज १०८, प्रत्यक्ष १०९, चूक +१
- चौथ्याचा अंदाज ११४, प्रत्यक्ष ११३, चूक −१
- पाचव्याचा अंदाज ११७, प्रत्यक्ष ११६, चूक −१

पहिले दोन नमुने जसेच्या तसे ठेवा, पुढे फक्त चुका लिहा. १०९ पेक्षा १ लिहायला कमी जागा लागते. उलगडताना तोच नियम वापरून अंदाज काढा आणि त्यात चूक मिळवा. ११७ मध्ये −१ मिळवले की ११६ परत मिळतात. इथे 'जवळपास' असे काही नाही, उत्तर नेमके आहे.

चुका बहुधा लहान असतात. लहान संख्येला छोटा संकेत देण्याची युक्ती सॉलोमन गोलोम्ब यांनी १९६६ मध्ये मांडली. पुढे रॉबर्ट राइस यांनी अवकाशयानांकडून येणाऱ्या माहितीसाठी तिचे सोपे रूप तयार केले.

३. दोन्ही धागे एकत्र येतात

केंब्रिजचे टोनी रॉबिन्सन यांनी 'शॉर्टन' या प्रणालीत अनुमान आणि राइस संकेत एकत्र आणले. तिचा अहवाल १९९४ चा. जॉश कोल्सन यांनी २००० मध्ये फ्लॅकचे काम हाती घेतले आणि जुलै २००१ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आली. स्वरूप खुले, विनामूल्य आणि पेटंटच्या अटींपासून मुक्त होते. २००३ मध्ये ते झिफ संस्थेच्या छत्राखाली आले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये आरएफसी ९६३९ म्हणून त्याचे अधिकृत मानक प्रसिद्ध झाले.

फ्लॅकमध्ये आणखी एक शहाणपण आहे. मूळ नमुन्यांचा १२८ बिटांचा एमडी५ ठसा फाइलच्या सुरुवातीलाच लिहिलेला असतो. उलगडल्यावर ठसा पुन्हा काढून ताडून पाहता येतो. म्हणजे 'काही गमावले नाही' हे सिद्ध करता येते. एमपी३ मधून वेव्ह केली तर असे होत नाही, कारण एमपी३ ने टाकून दिलेला तपशील कुठेच शिल्लक नसतो.

४. जे आपोआप परत येत नाही

आता माझी चूक. गावाकडे आजी आणि तिच्या जावा जात्यावर ओव्या म्हणत. त्यांच्या कॅसेट मी फ्लॅकमध्ये घेतल्या आणि कोण गाते, कुठे, कधी हे सगळे फाइलच्या आतल्या नोंदींत भरले. फाइलींना नावे मात्र एक, दोन, तीन अशीच होती. पुढे संपादनासाठी सगळ्यांच्या वेव्ह केल्या आणि जागा हवी म्हणून फ्लॅक पुसून टाकल्या. आवाज जसाच्या तसा राहिला, नोंदी गेल्या. आवाज ओळखणारी आत्या तोवर राहिली नव्हती. त्यातल्या दोन बायका कोण, हे आज मला सांगता येत नाही.

वेव्हमध्येही नोंदींसाठी खण करता येतो. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९९७ मध्ये त्यासाठीच विस्तारित वेव्ह आणली. पण प्रत्येक साधन तो खण भरतेच असे नाही.

ही गोष्ट केवळ घरगुती नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पाने महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बर्नार्ड बेल त्यात आले आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रणासह माहितीकोश उभा राहिला. सीडीच्या मापाने १२० तास म्हणजे सुमारे ७६ जीबी, आणि त्या काळी घरच्या संगणकाची डिस्क काही जीबींची असे. आज 'पारी'च्या संकेतस्थळावर तुम्ही ती ओवी ऐकता तेव्हा शेजारी बाईचे नाव आणि गाव वाचता. ते नाव तिथे आहे, कारण कोणीतरी ते आवाजाइतक्याच काळजीने जपले.

सारांश

१. फ्लॅक ते वेव्ह या बदलात नमुने अचूक परत येतात, गुणवत्ता तीच राहते.
२. वेव्ह कामापुरती करा, मूळ फ्लॅक पुसू नका.
३. नोंदींची एक प्रत साध्या मजकुराच्या फाइलमध्ये वेगळी ठेवा.

स्वाध्याय

१. २००, २०६, २११, २१७, २२१ या नमुन्यांच्या चुका वरील नियमाने काढा आणि मूळ नमुने परत मिळवा.
२. घरातल्या वडीलधाऱ्यांचा पाच मिनिटांचा आवाज मुद्रित करा. फ्लॅक करा, पुन्हा वेव्ह करा आणि दोन्हींतले नमुने ताडून पाहा. पण आधी त्यांचे पूर्ण नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवा.