दत्तकाचे गोत्र आणि दत्तकाचे रक्त

दत्तकाची हकीकत मराठी वाचकांस नवी नाही. तीपायी राज्ये गेली आणि राज्ये मिळालीही. १८५३ साली झाशीच्या गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी आपल्याच नेवाळकर कुळातील आनंदरावास दत्तक घेतले. १८७५ साली कवळाण्याचा गोपाळराव सयाजीराव होऊन बडोद्याच्या गादीवर बसला. वारसाच्या वादावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस येथे निराळी गोष्ट सांगावयाची आहे. या दत्तकांना आपला जन्मदाता कोण, हे ठाऊक होते. ‘घराण्यात कोणता विकार आहे?’ असे वैद्याने पुसले, तर उत्तर देणारी माणसे होती.

शास्त्रकारांनीही ही ओळख पुसू दिली नाही. मनूने दत्तकाचे गोत्र व रिक्थ जनकापासून तोडले. विवाहापुरते जनककुळाचे सापिंड्य मात्र निबंधकारांनी राखले. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकात ‘व्यवहारमयूखा’त, विवाहित व पुत्रवान पुरुषही दत्तक जाऊ शकतो, हे आपल्या पित्याचे मत नोंदविले आहे. असा दत्तक आपले मूळ विसरणार कसा! हे नियम आनुवंशिक रोगांच्या ज्ञानातून आले, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. त्या ज्ञानाची वाट त्यांनी उघडी ठेवली, एवढेच.

ती वाट बंद झाली ती दयेपोटी. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८७५ साली पंढरपुरासही तशाच मुलांसाठी आश्रम उभा राहिला. विधवेने गुप्तपणे यावे आणि सुखरूप बाळंत व्हावे, हे फुल्यांच्या गृहाचे आश्वासन होते. गुप्तता नसती तर कित्येक मुले वाचलीच नसती. फुल्यांनी १८७४ साली दत्तक घेतलेल्या यशवंताची आई काशीबाई, हे इतिहासाला माहीत आहे. तो पुढे डॉक्टर झाला. ज्यांच्या आयांची नावे गुप्ततेतच राहिली, त्यांना स्वतःच्या शरीराचा पूर्वेतिहास कोण सांगणार?

१९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याच्या बाराव्या कलमाने जन्मकुळाशी असलेले नाते तोडले, विवाहाचा निषेध मात्र तसाच ठेवला. ज्या कुळाचे नावच ठाऊक नाही, त्यात लग्न करू नये, ही आज्ञा पाळावी कशी? थॅलॅसेमियाचा वाहक रक्त तपासून ओळखता येतो. पण बाप पस्तिशीत हृदयविकाराने गेला किंवा आई व मावशी दोघींना स्तनाचा कर्करोग झाला, ही वार्ता नातलगांच्याच तोंडून मिळायची.

२०२२ च्या दत्तक नियमावलीप्रमाणे अठरा वर्षांवरील दत्तकास आपले मूळ शोधण्यासाठी अर्ज करता येतो. परंतु जन्मदात्यांनी मूल सोपविताना अनामिकता मागितली असेल, तर त्यांची संमती लागते. ती अट आम्हांस अन्याय्य वाटत नाही. त्या स्त्रीला दिलेला शब्द आहे तो. मात्र नाव आणि रोग या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मूल सोपविते वेळी घराण्यातील रोगांची नोंद नावावाचून घेता येईल आणि ती मुलाबरोबर जाईल. २०२१ च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचे आदेश जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने निघू लागले. परप्रांतात जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या आमच्या वाचकांच्या टेबलावरही ती कागदपत्रे येत असतील. त्यांत बालकाचा वैद्यकीय अहवाल असतो; त्याच्या आजोबांविषयीची ओळ तेथे आहे काय, हे त्यांनी जरूर पाहावे. रस्त्यावर सापडलेल्या मुलाच्या कागदात ती असणार नाही, हे आम्ही जाणतो.