पात्र कसे वाचावे? ‘शांतता! कोर्ट चालू आहे’च्या आधारे व्यक्तिरेखा आणि आशयसूत्राची ओळख

नाटक किंवा चित्रपट पाहून झाल्यावर चर्चा बहुधा पात्रांवरच येते. तो असा का वागला? तिचे चुकले का? खरा दोषी कोण? या प्रश्नांची उत्तरे कलाकृतीतले पुरावे धरून शोधणे, याला व्यक्तिरेखेचे विश्लेषण म्हणतात. ही पद्धत समजून घेण्यासाठी विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक फार उपयोगी पडते. एका माणसाविषयी मत कसे बनवले जाते आणि ते बनवताना काय चुकते, हेच या नाटकात रंगमंचावर घडते.

दोन संज्ञा

व्यक्तिरेखा म्हणजे केवळ पात्राचे नाव, वय आणि व्यवसाय नव्हे. त्या पात्राला काय हवे आहे, ते मिळवण्यासाठी ते काय करते आणि कोणती गोष्ट लपवते, या सगळ्यांतून व्यक्तिरेखा उभी राहते.

आशयसूत्र म्हणजे कलाकृतीत पुन्हा पुन्हा समोर येणारा मूळ प्रश्न. ते आणि तात्पर्य यांत फरक आहे. ‘खोटे बोलू नये’ हे तात्पर्य झाले. ‘खरे बोलण्याचा अधिकार कोणाला असतो?’ हे आशयसूत्र होऊ शकते. तात्पर्य एका वाक्यात संपते, तर आशयसूत्राचा वेगवेगळ्या पात्रांच्या वागण्यातून माग काढावा लागतो.

नाटकात काय घडते?

हे नाटक १९६७ मध्ये ‘रंगायन’ या संस्थेने रंगमंचावर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते आणि लीला बेणारे ही मध्यवर्ती भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली.

मुंबईची एक हौशी मंडळी एका गावात ‘अभिरूप न्यायालया’चा प्रयोग करायला येते. रात्रीच्या प्रयोगात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांवरून खटला चालवायचा असतो. प्रयोगाला अवकाश असतो. गावातल्या सामंत नावाच्या साध्या माणसाला बदली साक्षीदार म्हणून उभे करायचे ठरते, पण त्याने कोर्ट पाहिलेले नसते. त्याला सराव मिळावा आणि वेळही जावा म्हणून एक लुटुपुटूचा खटला चालवायचे ठरते. आरोपी म्हणून मंडळीतली शिक्षिका लीला बेणारे हिला निवडले जाते आणि तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो.

खेळ म्हणून सुरू झालेला हा खटला हळूहळू खरा होत जातो. बेणारे अविवाहित आहे, गरोदर आहे आणि मंडळीतलेच विवाहित प्राध्यापक दामले हे मुलाचे वडील आहेत, हे एकेका साक्षीतून उघड होते.

पहिली पायरी : पात्र काय म्हणते आणि काय करते

कोणत्याही पात्राचे शब्द आणि कृती शेजारी ठेवून पाहाव्यात. दोन्हींत जिथे अंतर दिसते, तिथे व्यक्तिरेखा हाती लागते.

न्यायाधीश झालेले काशीकर स्वतःला समाजसेवक समजतात. मात्र बोलण्याच्या ओघात ते बालविवाहाची प्रथा पुन्हा यावी असे सुचवतात आणि आगरकर व कर्वे यांच्यासारख्या सुधारकांना समाजाच्या अधोगतीबद्दल दोष देतात. पत्नी बोलू लागली की तिला गप्प बसवतात. सुखात्मे वकील आहेत, पण त्यांची वकिली चालत नाही. या खटल्यात फिर्यादी पक्ष आणि बचाव पक्ष, दोन्हींचे काम तेच करतात. पोंक्षे शास्त्रज्ञाचा आव आणतो, प्रत्यक्षात तो इंटरला नापास झालेला तारखात्यातला कर्मचारी आहे. बाळू रोकडे काशीकर पतिपत्नीच्या आश्रयाने वाढलेला असल्याने त्यांच्यापुढे दबून असतो. मिसेस काशीकरांना मूल नाही.

ही माहिती तेंडुलकरांनी नुसती गंमत म्हणून पेरलेली नाही. यातल्या प्रत्येकाला आयुष्यात कुठेतरी कमीपणा आलेला आहे आणि पहिल्या अंकात बेणारे नेमक्या त्याच जागांवर बोट ठेवून सामंतासमोर त्यांची थट्टा करते. पुढे हातात अधिकार आल्यावर ही माणसे एवढी निर्दय का होतात, याचे उत्तर इथे आहे. रोकडेला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात पहिल्यांदाच सगळे कान देऊन ऐकतात. घरात गप्प बसवल्या जाणाऱ्या मिसेस काशीकर बेणारेला आरोपीच्या पिंजऱ्यात ओढत नेतात.

दुसरी पायरी : पुरावा आणि कुजबुज वेगळी करणे

हा खटला म्हणजे व्यक्तिरेखेचे चुकीचे विश्लेषण कसे असते याचा नमुना आहे. कोर्टात येणाऱ्या साक्षी कोणत्या प्रकारच्या आहेत ते पाहा :

- सामंत आपली साक्ष हातातल्या कादंबरीच्या आधारे रचतो. ती काल्पनिक आहे हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी ती खऱ्यासारखी धरली जाते.
- पोंक्षे बेणारेशी झालेले खासगी बोलणे चारचौघांत उघड करतो. तिच्या पर्समधून ढेकणांच्या विषारी औषधाची बाटली पडल्याचेही सांगतो. ती बाटली तिच्याकडे का होती, हा प्रश्न कोणालाच महत्त्वाचा वाटत नाही.
- कर्णिक तिच्या एका नातेवाइकाकडून ऐकलेली जुनी गोष्ट सांगतो.
- शेवटी काशीकर न्यायाधीशाची खुर्ची सोडून स्वतःच साक्ष देतात.

यातली बरीच माहिती वस्तुस्थितीला धरून निघते. तरीही बेणारे कोण आहे हे कोर्टाला कळत नाही, कारण निकाल आधी ठरलेला आहे आणि माहिती त्याला आधार म्हणून गोळा होते आहे. प्रेक्षकही पुष्कळदा असेच करतो. पात्र ‘चांगले’ की ‘वाईट’ हे तो आधी ठरवतो आणि मग प्रसंग शोधतो. बेणारेला ‘स्वैर’ म्हणणारा वाचक आणि ‘बिचारी’ म्हणणारा वाचक, दोघेही तिला एका शब्दात बसवतात. नाटकातली बेणारे खोडकर आहे, बोचरे बोलणारी आहे, आपल्या कामात रमणारी शिक्षिका आहे, घाबरलेली आहे आणि जगण्यावर तिचे प्रेम आहे. हे सगळे एकाच वेळी खरे आहे.

तिसरी पायरी : कोण गैरहजर आहे, कोण गप्प आहे

रंगमंचावर नसलेले पात्रही महत्त्वाचे असते. बचाव पक्ष प्रा. दामले यांना साक्षीला बोलावतो, पण ते आलेलेच नसतात. त्यांच्यावर कोणी आरोप ठेवत नाही. ज्या नात्यात दोघे होते, त्यात आरोपी एकच ठरते. हे नाटक कोणाच्याही तोंडी भाषण न घालता केवळ एका अनुपस्थितीतून सांगते.

बेणारेच्या मौनाचेही तसेच आहे. पहिल्या अंकात अखंड बोलणारी ही स्त्री खटला पुढे जातो तशी गप्प होत जाते. अखेर तिला बचावासाठी दहा सेकंद मिळतात. इतर सर्व पात्रे आहेत त्या जागी थिजतात आणि ती दीर्घ स्वगत बोलते. वयात येत असताना मामाने केलेली फसवणूक, दामले यांच्या बुद्धीवर असलेली श्रद्धा आणि त्यांनी केलेला केवळ देहाचा विचार, पोटातल्या मुलासाठी जगण्याची इच्छा, हे सारे त्यात येते. ते संपल्यावर कोर्टाच्या लेखी मात्र तिने काहीच सांगितलेले नसते. प्रेक्षकाला तिची बाजू कळते, तिचा निवाडा करणाऱ्यांपर्यंत ती पोहोचत नाही.

चौथी पायरी : वस्तू आणि खुणा

नेपथ्यातल्या साध्या वस्तू आशय वाहून नेतात. सुरुवातीलाच दाराच्या कडीत बेणारेचे बोट चेमटते. पुढे खटला असह्य होऊन ती बाहेर पडू पाहते, तेव्हा तीच कडी बाहेरून अडकलेली असते. सामंताजवळ लहान मुलासाठी घेतलेला हिरवा कापडी पोपट असतो. शेवटी निपचित पडलेल्या बेणारेजवळ तो हा पोपट ठेवून जातो. त्या सगळ्या सुशिक्षित मंडळीत तिच्याविषयी माणुसकी दाखवणारा तोच एक असतो.

आशयसूत्र कसे शोधावे?

सुरुवातीचा आरोप आणि शेवटचा निकाल शेजारी ठेवले की या नाटकाचे आशयसूत्र स्पष्ट होते. आरोप भ्रूणहत्येचा आहे. निकालात न्यायाधीश तिच्या पोटातले मूल नष्ट करण्याची शिक्षा सुनावतात. ज्या कृत्यासाठी तिला आरोपी केले, तेच कृत्य कोर्ट तिच्यावर लादते. मुद्दा मुलाच्या जिवाचा कधीच नव्हता, समाजाच्या चौकटीबाहेर गेलेल्या स्त्रीला वठणीवर आणण्याचा होता, हे या उलटफेरातून दिसते.

आरोपात वापरलेले कलमही बोलके आहे. भारतीय दंडसंहितेतले कलम ३०२ खुनाच्या शिक्षेचे होते, गर्भपाताविषयीची कलमे ३१२ पासून सुरू होत. नाटक आले तेव्हा वैद्यकीय गर्भपाताला मर्यादित परवानगी देणारा कायदाही नव्हता, तो १९७१ मध्ये संमत झाला. हा संदर्भ लक्षात घेतला की बेणारेपुढचे मार्ग किती थोडे होते ते कळते. मूल व्हावे आणि त्याला बापाचे नाव मिळावे म्हणून ती पोंक्षे आणि रोकडे यांना लग्नाविषयी का विचारते, हेही उलगडते.

रंगमंचावरून पडद्यावर

या नाटकावर १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी मराठी चित्रपट केला. त्यातही बेणारे सुलभा देशपांडे यांनीच साकारली. छायालेखन गोविंद निहलानी यांचे होते. एकच कलाकृती दोन माध्यमांत पाहताना एक फरक लक्षात ठेवावा. रंगमंचावर सगळी पात्रे एकाच वेळी दिसतात आणि कोणाकडे पाहायचे ते प्रेक्षक ठरवतो. पडद्यावर ती निवड कॅमेरा करतो. त्यामुळे चित्रपट पाहताना ‘बोलणाऱ्याऐवजी ऐकणाऱ्याचा चेहरा कधी दाखवला?’ हा प्रश्न फार उपयोगी ठरतो.

हीच पद्धत दुसऱ्या चित्रपटाला

निवाड्याभोवती फिरणारी दुसरी प्रसिद्ध कलाकृती म्हणजे सिडनी ल्युमेट यांचा १९५७ सालचा अमेरिकन चित्रपट ‘१२ अँग्री मेन’. तिथे खुनाचा आरोप असलेल्या तरुणाला अकरा ज्यूरर दोषी धरतात आणि एक जण शंका घेतो. पुरावे तपासले जाऊ लागतात तशी मते बदलतात. शेवटपर्यंत हट्ट धरणाऱ्या ज्यूररचा राग खरे तर आरोपीवर नसतो, दुरावलेल्या स्वतःच्या मुलावर असतो. काशीकर आणि मंडळी बेणारेवर जे ओततात ते याच जातीचे आहे. मात्र तिथे शंका घेणारा एक माणूस निकाल बदलू शकतो. बेणारेच्या कोर्टात तशी शंका कोणी घेतच नाही.

विश्लेषण करताना विचारायचे प्रश्न

१. पात्राला काय हवे आहे आणि त्याच्या आड काय येते?
२. त्याचे बोलणे आणि वागणे यांत अंतर कुठे आहे?
३. आपल्याला ही माहिती कोणी दिली? सांगणाऱ्याचा त्यात काय स्वार्थ आहे?
४. कोण गैरहजर आहे, कोणाला बोलू दिले जात नाही?
५. सुरुवात आणि शेवट शेजारी ठेवले तर काय उलटलेले दिसते?

तिसरा प्रश्न सर्वांत सहज विसरला जातो. नाटकाच्या अखेरीस गावकरी प्रयोगासाठी येऊ लागतात आणि मंडळी हा सगळा खेळच होता असे म्हणत तयारीला लागते. साक्षी देणारे मोकळे होतात, पडून राहते ती बेणारे. तिच्याविषयी आपले मत या साक्षीदारांच्या शब्दांवरून बनले की तिच्या स्वतःच्या, हे तपासून पाहिले की पात्र वाचायला सुरुवात होते.