गुपित ही ठेव

(मंडळीच्या सभेत दिलेले भाषण, ध्वनिमुद्रणावरून शब्दांकित. वक्त्या निवृत्त परिचारिका असून स्प्रिंगफील्ड लेक्स येथे राहतात.)



हेरगिरीच्या पुस्तकांवर बोलणार असे मी कळवले, तेव्हा आपल्यापैकी काहींना हसू आवरले नाही, हे माझ्या कानावर आले आहे. सत्तरी ओलांडलेल्या परिचारिकेला हेरांशी काय कर्तव्य? परंतु हा छंद जुना आहे. मुंबईत परिचर्येची पदविका घेत होते तेव्हा रात्रपाळीच्या टेबलाच्या खणात, थर्मामीटरशेजारी, बाबूराव अर्नाळकरांची एखादी रहस्यकथा हमखास असे. झुंजार आणि काळापहाड यांनी मला पहाटेच्या फेरीपर्यंत कितीदा जागे ठेवले, याची गणती नाही. पुढे कल्पित कथा मागे पडल्या आणि मी खऱ्या हेरखात्यांचा इतिहास वाचू लागले. त्या वाचनातून एक प्रश्न मनात घर करून राहिला. गुपित हे नेमके कोणाचे असते? ज्याला ते कळले त्याचे, की ज्याच्याविषयी ते आहे त्याचे? आजचे भाषण या एका प्रश्नाभोवती आहे. त्याच्याशी निगडित असा माझा स्वतःचा एक अपराधही शेवटी आपल्यापुढे मांडायचा आहे.

आरंभ आपल्याच ग्रंथांपासून करते. मोशेने कनान देश पाहण्यासाठी बारा जण पाठवले. ते परतले आणि त्यांनी आपला वृत्तांत साऱ्या मंडळीसमोर सांगितला. लोक भयभीत झाले, रात्रभर रडले आणि त्या पिढीला चाळीस वर्षे रानात काढावी लागली. त्या बारा जणांत यहोशवा होता. पुढे तो स्वतः पुढारी झाला, तेव्हा त्याने यरीहोकडे दोघांनाच पाठवले, तेही गुप्तपणे, आणि परतल्यावर त्यांनी वृत्तांत सांगितला तो एकट्या यहोशवाला. पहिल्या वेळी काय चुकले, हे तो विसरला नव्हता. ज्या राहाबेने त्या दोघांना आपल्या छपरावर लपवले, तिच्याशी झालेल्या करारातही हीच अट होती: तू हे कोठे बोललीस, तर आमची शपथ सुटली. तालमूदातील योमा या भागात आपल्या गुरूंनी यापुढचे पाऊल टाकले आहे. कोणी तुम्हाला काही सांगितले, तर तो स्वतः "जा, सांग" असे म्हणेपर्यंत ते इतरांना सांगण्याची मुभा नाही, असे ते म्हणतात. म्हणजे ऐकलेली गोष्ट आपली होत नाही. ती आपल्याकडे ठेवलेली ठेव असते.

ही ठेव माणसे किती काळ सांभाळू शकतात, याचे एक उदाहरण आपण राहतो त्या ठिकाणापासून फार दूर नाही. गेल्या हिवाळ्यात मी स्प्रिंगफील्ड सेंट्रलहून आगगाडीने शहरात गेले आणि तेथे गाडी बदलून ॲस्कॉटला उतरले. हेन्री स्ट्रीटवर 21 क्रमांकाचे एक जुने, प्रशस्त घर आहे. त्याचे नाव निरंब्ला. दुसऱ्याच्या घरात डोकावणे बरे नव्हे, म्हणून ते रस्त्यावरूनच पाहिले. दुसऱ्या महायुद्धात याच घरात सेंट्रल ब्यूरो नावाचे गुप्त कार्यालय होते. जनरल मॅकआर्थर यांच्या हुकमतीखाली 1942 मध्ये ते मेलबर्नला स्थापन झाले आणि त्याच वर्षी ब्रिस्बेनला आले. अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन माणसे तेथे एकत्र बसून जपानी सैन्याचे सांकेतिक संदेश उलगडत असत. थोडक्या माणसांनी सुरू झालेल्या या कार्यालयात युद्ध संपेपर्यंत चार हजारांहून अधिक लोक काम करू लागले होते.

आपल्याला विशेष वाटावे असे एक नाव येथे आहे. तेथील अमेरिकन पथकाचे प्रमुख अब्राहम सिंकोव्ह हे फिलाडेल्फियात जन्मलेले, रशियातून आलेल्या यहुदी कुटुंबातील गणितज्ञ होते. त्यांना 1930 मध्ये या कामात घेणारे विल्यम फ्रीडमन हेही यहुदीच, किशिनेव्हचे. सिंकोव्ह यांच्या कामातील सर्वांत मोलाचे पुस्तक मात्र कोणत्याही दुकानात नव्हते. जानेवारी 1944 मध्ये न्यू गिनीतील सिओ येथे माघार घेणाऱ्या जपानी तुकडीला आपल्या संकेतांच्या वह्या बरोबर नेता आल्या नाहीत. ओल्या जंगलात त्या जाळताही येईनात, म्हणून त्यांनी त्या पेटीत घालून पुरल्या. सुरुंग शोधणाऱ्या ऑस्ट्रेलियन सैनिकांना ती पेटी सापडली. भिजून चिकटलेल्या त्या वह्या ब्रिस्बेनला आल्या आणि सेंट्रल ब्यूरोतील माणसांनी एकेक पान सोडवून वाळवले. त्यानंतर काही काळ जपानी सैन्याचे संदेश जणू उघड्या पत्रासारखे वाचता येत होते. एप्रिल 1944 मध्ये हॉलंडिया येथे मॅकआर्थर यांचे सैन्य जपान्यांना अनपेक्षित अशा जागी उतरले, त्यामागे ही वाळवलेली पानेही होती.

पण मला सर्वाधिक विचार करायला लावले ते दुसऱ्या एका पद्धतीने. संकेत उलगडला नाही, तरी माहिती मिळते. कोणते केंद्र कोणाशी बोलते, किती वेळा बोलते, एरवी गप्प असलेले केंद्र अचानक बोलके कधी झाले, याची नोंद ठेवली की सैन्य कोठे हलणार याचा अंदाज येतो. अनुभवी ऐकणाऱ्यांना तर बटण दाबण्याच्या लकबीवरून पलीकडचा जपानी तारयंत्री ओळखता येई. पत्र न उघडता, नुसत्या पाकिटावरून केलेले हे वाचन होते. ही गोष्ट कृपया लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

निरंब्लाच्या मागे मोटार ठेवण्याची एक खोली होती. तेथे टायपेक्स नावाची संकेतयंत्रे मांडली होती आणि ती चालवत होत्या ऑस्ट्रेलियन महिला सैन्यदलातील तरुण मुली. काम रात्रंदिवस पाळ्यांत चाले. पुढे त्या 'गॅरेज गर्ल्स' या नावाने ओळखल्या गेल्या. युद्ध संपले, गुप्ततेच्या शपथेसह त्या घरी गेल्या, त्यांनी लग्ने केली, मुले वाढवली, आणि त्या गप्प राहिल्या. मित्रराष्ट्रांनी शत्रूचे संकेत किती खोलवर फोडले होते, हे जगाला मोठ्या प्रमाणावर कळले ते 1974 मध्ये, विंटरबॉथम यांच्या 'द अल्ट्रा सीक्रेट' या पुस्तकाने. म्हणजे जवळजवळ तीस वर्षे. त्यानंतरही अनेकींची जीभ सहजासहजी सुटली नाही. काहींच्या पतींनाही आपल्या पत्नीने युद्धात काय केले हे ठाऊक नव्हते. त्या काळात त्यांचे कौतुक झाले नाही. पाळीनंतर वॉर्डातले वॉर्डातच ठेवून घरी जाणाऱ्या आम्हा परिचारिकांना त्यांचे मन थोडेफार समजते.

याच्या अगदी उलट प्रसंगही ऑस्ट्रेलियातच घडला. पीटर राइट हे ब्रिटिश गुप्तहेर खात्यातील निवृत्त अधिकारी टास्मानियात येऊन राहिले होते. निवृत्तिवेतनाविषयी त्यांच्या मनात कडवटपणा होता. त्यांनी 'स्पायकॅचर' हे पुस्तक लिहिले आणि ते थांबवण्यासाठी ब्रिटिश सरकार सिडनीच्या न्यायालयात आले. पुढे पंतप्रधान झालेले माल्कम टर्नबुल तेव्हा तरुण वकील होते. त्यांनी राइट यांची बाजू लढवली. यांतील बरेच काही आधीच्या पुस्तकांतून प्रसिद्ध झाले असताना सरकार तेव्हा स्वस्थ का बसले, हा त्यांचा एक मुद्दा होता. 1987 मध्ये सरकार हरले, 1988 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयातही हरले, आणि बंदीच्या बातम्यांमुळे पुस्तक जगभर खपले. मी ते वाचले आहे. परक्या खोल्यांत बसवलेले ध्वनिग्राहक, दुसऱ्यांच्या दारांत चोरून केलेला प्रवेश यांची वर्णने त्यात मोठ्या उत्साहाने येतात. न्यायालयात वाद झाला तो सरकारचे गुपित आणि लेखकाचे स्वातंत्र्य यांच्यात. ज्यांच्या भिंतींना कान लावले गेले, त्या माणसांची बाजू मांडणारे तेथे कोणी नव्हते.

ती बाजू कोणी मांडावी? भारतात या प्रश्नाला उत्तर मिळायला बराच काळ लागला. उत्तर प्रदेशात पुराव्याअभावी सुटलेल्या खरक सिंग नावाच्या माणसाच्या घरी पोलीस रात्री-अपरात्री जाऊन दार ठोठावत. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या रात्रीच्या भेटी अवैध ठरवल्या, परंतु खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला नाही. तो मानला गेला 24 ऑगस्ट 2017 रोजी, कर्नाटकचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर, नऊ न्यायाधीशांच्या एकमताने.

आपल्या गुरूंनी हे काम फार पूर्वी केले होते. सामाईक अंगणात आपले दार दुसऱ्याच्या दारासमोर आणि आपली खिडकी दुसऱ्याच्या खिडकीसमोर उघडू नये, असे मिश्ना सांगते. बलाम शाप द्यायला आला आणि आशीर्वाद देऊन गेला. त्याने असे काय पाहिले? इस्राएलाच्या तंबूंची दारे एकमेकांसमोर नव्हती, हे त्याने पाहिले, असे तालमूद सांगते. सिनेगॉगमध्ये पाऊल ठेवताना म्हटल्या जाणाऱ्या 'मा टोवू'मध्ये तीच आठवण आहे. मुंबईच्या चाळीत दारासमोर दार असलेल्या खोलीत वाढलेल्या मला हे फार उशिरा उमगले. शेजाऱ्याचे डोळे बंद करणे हे बलामाने स्तुती केलेले काम नव्हते. आपले दार आपण वळवून घ्यायचे होते. आणि सुमारे हजार वर्षांपूर्वी मेन्झचे रब्बेनू गेर्शोम यांच्या नावाने जी बंधने प्रसिद्ध झाली, त्यांत दुसऱ्याचे पत्र वाचण्यास बंदी आहे. पत्रे तेव्हा प्रवाशांच्या हाती जात असत. पत्र हातात आहे म्हणून ते वाचण्याचा हक्क येत नाही, हे तेव्हाच ठरले होते.

आता माझा अपराध.

खूप वर्षांपूर्वी, मी ज्या वॉर्डात होते तेथे आपल्याच समाजातील एक मुलगी उपचार घेऊन गेली. रुग्णालय कोणते, वर्ष कोणते, आजार कोणता, हे मी आजही सांगणार नाही. इतकेच सांगते की ती पूर्ण बरी झाली होती आणि तिच्यापासून कोणाला काही अपाय नव्हता. काही महिन्यांनी सिनेगॉगच्या पायरीवर एका वडीलधाऱ्या बाईंनी मला सहज विचारले, "काय ग, आपली ती मुलगी आता बरी आहे ना?" मी म्हणाले, "हो मावशी, अगदी ठणठणीत आहे." मला वाटले, मी तिच्याविषयी चांगलेच बोलले. आजाराचे नाव घेतले नाही, औषधाचे नाव घेतले नाही. पण मावशींना ठाऊक काहीच नव्हते. त्यांना केवळ संशय होता, आणि ती मुलगी माझ्या वॉर्डात होती एवढेच त्यांना माझ्याकडून हवे होते. थोड्याच दिवसांत त्या मुलीचे ठरलेले लग्न मोडले.

मी पत्र उघडले नव्हते. मी फक्त पाकीट दाखवले होते. ॲस्कॉटच्या त्या घराविषयी वाचताना, मजकूर न वाचता सैन्याच्या हालचाली ओळखणाऱ्या माणसांची हकिगत आली, तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. त्यांनी युद्धात शत्रूचे जे केले, ते मावशींनी माझ्याकरवी एका निष्पाप मुलीचे केले होते. मी म्हणायला हवे होते, "मावशी, रुग्णांविषयी मी बोलत नाही." आणि हे उत्तर प्रत्येक वेळी, प्रत्येक रुग्णाविषयी द्यायला हवे होते. ते एकीलाच दिले असते, तर तेही बोलकेच ठरले असते.

बोलण्याला अपवाद नाही, असे मी म्हणत नाही. 1998 मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे असा खटला आला होता की एका माणसाला एचआयव्हीची बाधा असल्याचे रुग्णालयाकडून फुटले आणि त्याचे लग्न मोडले. नियोजित वधूच्या जिवाला धोका होता, म्हणून न्यायालयाने रुग्णालयाला दोषी धरले नाही. दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी गुपित उघडावे लागते, हे आपल्या धर्मालाही मान्य आहे. पण तेथेही ते ज्याला धोका आहे त्यालाच सांगायचे असते, पायरीवर उभ्या असलेल्याला नव्हे. माझ्या हातून जे झाले, त्याला असे कोणतेही कारण नव्हते.

हा इतिहास आज संपलेला नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये मेडिबँक या आरोग्य-विमा कंपनीतून सुमारे 97 लाख आजी-माजी ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि खंडणी मिळाली नाही म्हणून चोरट्यांनी काही रुग्णांच्या उपचारांचा तपशील उघड केला. त्या चोरट्यांना आपण अडवू शकत नाही. पण आपल्या हातात जे आहे, ते आपण करू शकतो. आपल्या मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर आजारी माणसासाठी प्रार्थनेची विनंती येते, आणि तिच्यासोबत आजार, रुग्णालय, वॉर्ड, शस्त्रक्रियेची तारीख हेही येते. हेतू मायेचा असतो. माझाही मायेचाच होता.

म्हणून माझी एकच विनंती आहे. 'मी शेबेराख' म्हणताना आपण आजाऱ्याचे नाव त्याच्या आईच्या नावासह घेतो. तेवढे पुरेसे आहे. परमेश्वराला वॉर्डाचा क्रमांक लागत नाही. यापुढे गटावर फक्त ती दोन नावे जावीत, आणि तीही त्या माणसाला विचारून. भेटायला जायचे असेल, तर घरच्यांना विचारावे.

त्या मुलीची क्षमा मी कधी मागितली नाही. क्षमा मागायची तर काय घडले हे पुन्हा कोणासमोर तरी उघडावे लागले असते, अशी सबब मी वर्षानुवर्षे स्वतःला सांगितली. ती सबब होती, हे मला आता कळते. ती आज कोठे आहे, मला ठाऊक नाही. आपल्यापैकी कोणाला ती कोण असेल असा अंदाज आला, तर कृपया तो मनातच ठेवा. तिची ठेव माझ्या हातून एकदा सुटली आहे. ती आपल्या हातून पुन्हा सुटू नये.

शालोम.