गोवा मिग-२९के विमान अपघात, २०२०

२६ नोव्हेंबर २०२० रोजी भारतीय नौदलाचे मिग-२९के जातीचे दोन आसनी प्रशिक्षण विमान गोव्याच्या किनाऱ्यापासून दूर अरबी समुद्रात कोसळले. विमानातील एका वैमानिकाची समुद्रातून सुटका करण्यात आली. दुसरे वैमानिक, प्रशिक्षक कमांडर निशांत सिंह यांचा या अपघातात मृत्यू झाला.

पार्श्वभूमी

मिग-२९के हे विमानवाहू जहाजावरून उड्डाण करणारे रशियन बनावटीचे लढाऊ विमान आहे. भारताने २००४ मध्ये १६ आणि २०१० मध्ये आणखी २९, अशा एकूण ४५ विमानांचे करार केले. फेब्रुवारी २०१० मध्ये ही विमाने गोव्यातील दाबोळी येथील आयएनएस हंसा या हवाई तळावर नौदलाच्या सेवेत दाखल झाली. यातील दोन आसनी प्रकारास मिग-२९केयूबी असे म्हणतात. एक आसनी विमानात जेथे इंधनाची टाकी असते, तेथे या प्रकारात दुसरे आसन असते. त्यामुळे प्रशिक्षकास शिष्यासोबत उड्डाण करता येते.

जहाजावरील उड्डाण हे वैमानिकी शिक्षणातील अवघड अंग मानले जाते. आयएनएस विक्रमादित्य या जहाजाची लांबी सुमारे २८४ मीटर आहे. उड्डाण करताना विमान पुढील टोकाच्या चढावरून हवेत झेपावते. उतरताना विमानाच्या शेपटीखालील आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरात अडकवून विमान थांबवावे लागते. या कौशल्याच्या प्राथमिक सरावासाठी आयएनएस हंसा येथे जमिनीवरच जहाजाच्या डेकसारखी सुविधा उभारलेली आहे.

अपघात व शोधमोहीम

अपघात सायंकाळी ५ च्या सुमारास झाला. दोन आसनी लढाऊ विमानातून बाहेर पडताना सामान्यतः मागील आसन आधी व पुढील आसन नंतर फेकले जाते. पुढील आसनाच्या अग्निबाणाची ज्वाळा मागील वैमानिकास लागू नये, हा त्यामागील हेतू असतो.

प्रशिक्षणार्थी वैमानिकाची सुटका झाल्यानंतर कमांडर सिंह यांच्या शोधासाठी ९ युद्धनौका व १४ विमाने कामास लावण्यात आली. शीघ्रगती नौका किनाऱ्यालगतचे पाणी धुंडाळत होत्या. सागरी पोलिसांना आणि मच्छीमारांच्या गावांनाही सतर्क करण्यात आले. २९ नोव्हेंबरपर्यंत विमानाचे काही अवशेष हाती आले. त्यात चाकांच्या यंत्रणेचा समावेश होता. पुढे पाणबुड्यांनी विशेष उपकरणांच्या साहाय्याने समुद्रतळाचा शोध घेतला. अपघातानंतर अकरा दिवसांनी, ७ डिसेंबर रोजी, किनाऱ्यापासून सुमारे ३० मैलांवर ७० मीटर खोलीवर मृतदेह सापडला. ओळख निश्चित करण्यासाठी डीएनए चाचणीचा अवलंब करण्यात आला. अपघाताच्या कारणांचा शोध घेण्यासाठी नौदलाने चौकशी मंडळ नेमले.

संबंधित घटना

सुमारे एका वर्षात मिग-२९के विमानाचा हा तिसरा अपघात होता. १६ नोव्हेंबर २०१९ रोजी दाबोळीहून प्रशिक्षणासाठी निघालेल्या विमानास पक्ष्यांच्या थव्याची धडक बसली. एक इंजिन बंद पडले व दुसऱ्यास आग लागली. वैमानिकांनी विमान वस्तीपासून दूर वळवले आणि दोघेही सुखरूप बाहेर पडले. विमान वेर्णे येथील पठारावर कोसळले. २३ फेब्रुवारी २०२० रोजी आणखी एक विमान समुद्रात कोसळले. त्याचा वैमानिक बचावला. १२ ऑक्टोबर २०२२ रोजी गोव्याजवळच कोसळलेल्या विमानाचा वैमानिकही सुखरूप राहिला.

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१६ च्या अहवालात या विमानांच्या इंजिनांतील दोषांवर टीका केली होती. अहवालानुसार ६५ पैकी ४० इंजिने सेवेतून काढावी लागली अथवा नाकारण्यात आली होती.

एप्रिल २०२५ मध्ये भारताने नौदलासाठी २६ राफेल विमानांचा करार केला. त्यांपैकी ४ विमाने प्रशिक्षणासाठीची दोन आसनी आहेत. ती जहाजावरून उडणारी नसल्याने त्यांवरील प्रशिक्षण जमिनीवरील तळावरूनच दिले जाईल.