रेडिएटर पंखा न फिरणे : बिघाड व निदान

रेडिएटर पंखा : मोटारगाडीच्या रेडिएटरमधून हवा खेचून कूलंट गार करणारा, १२ व्होल्टच्या मोटरवर चालणारा पंखा. इंजिनात जळणाऱ्या इंधनाची साधारण एक तृतीयांश उष्णता कूलंटमार्फत रेडिएटरपर्यंत येते. गाडी वेगात असताना समोरचा वारा ती उष्णता काढून नेतो. गाडी रखडली की हे काम पंख्यावर येते. म्हणून महामार्गावर ठीक चालणारी, पण टोलनाक्याच्या रांगेत किंवा घाटातल्या कोंडीत तापणारी गाडी ही पंख्याच्या बिघाडाची सर्वांत स्पष्ट खूण होय. वेगातही गाडी तापत असेल, तर आधी कूलंटची गळती, वॉटर पंप आणि चोंदलेला रेडिएटर पाहावा.

अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरे. इंजिन चालू तोवर पंखा चालू. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, ती आडव्या इंजिनाची. आडव्या इंजिनाच्या पट्ट्याची बाजू चाकाकडे आणि रेडिएटर मात्र समोर, त्यामुळे पंख्याला स्वतंत्र मोटर द्यावी लागते आणि ती कधी चालवायची हे ठरवणारी यंत्रणाही. ‘पंखा का लागत नाही’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा मोटरीत नसून या यंत्रणेत सापडते. (मोठ्या डिझेल गाड्यांतील पट्ट्यावरच्या, व्हिस्कस कपलिंगच्या पंख्याचे निदान वेगळे, त्याचा विचार येथे केलेला नाही.)

थांबलेला पंखा म्हणजे बिघडलेला पंखा नव्हे. बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) ८२ ते ८८ अंश सेल्सिअसच्या आसपास उघडतो आणि पंखा त्याहून वर, साधारण ९३ ते ९८ अंशांना लागतो. काही अंश उतरताच तो बंद होतो. सकाळी इंजिन चालू करून पाच मिनिटांत पंखा फिरला नाही म्हणून गॅरेजला धाव घेण्याचे कारण नाही. आजकालच्या अनेक लहान गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो. थंड असताना निळा दिवा आणि फार तापल्यावर लाल दिवा, एवढेच. मधले काही दिसत नाही, आणि त्यामुळे बिघाड उशिरा कळतो. त्याआधीची एक खूण मात्र घरबसल्या ओळखता येते : गाडी उभी असताना एसी कोमट हवा देतो आणि चालू लागली की पुन्हा गार होतो. एसीच्या कंडेन्सरलाही याच पंख्याचा वारा लागतो.

निदानाची सुरुवात एसीपासूनच करावी. इंजिन चालू ठेवून एसी लावला की बहुतेक गाड्यांत पंखा लगेच किंवा थोड्या वेळात फिरू लागतो. फिरला, तर मोटर, तिचा फ्यूज आणि अर्थिंग ठीक आहे. संशय तापमान मोजणाऱ्या भागावर जातो. दोन पंख्यांच्या गाडीत मात्र एसीवर कोणता पंखा लागला हे वाकून पाहावे, नाहीतर हा निष्कर्ष फसतो.

एसीवरही पंखा लागत नसेल तर बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्सकडे वळावे. झाकणाच्या आतल्या बाजूस नकाशा असतो. पंख्याचा फ्यूज बहुधा २० ते ४० अँपिअरचा असतो. उडालेला फ्यूज बदलून तो पुन्हा उडाला, तर मोटर जाम आहे किंवा तार कुठेतरी पत्र्याला टेकली आहे असे समजावे. मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालणे म्हणजे फ्यूजऐवजी तार जाळणे. मग रिले, म्हणजे आज्ञा मिळताच पंख्याची वीज जोडणारा स्विच. एसी लावताना दुसऱ्याने बोट रिलेवर ठेवावे : आत बारीकशी ‘टक’ जाणवली तर आज्ञा पोहोचते आहे, पण संपर्क जळलेले असू शकतात. हॉर्नचा रिले त्याच क्रमांकाचा आणि तेवढ्याच पिनांचा असेल, तर दोघांची अदलाबदल करून पाहणे हा बिनपैशाचा आणि खात्रीचा उपाय आहे.

रिलेपुढे मोटरीचा कपलर. तो उघडला की पुष्कळदा उत्तर तिथेच दिसते : पितळी टोकांवर हिरवट बुरशीसारखा थर, किंवा एका पिनेभोवती तपकिरी होऊन वितळलेले प्लॅस्टिक. कोकणातल्या आणि समुद्रकाठच्या गाड्यांत हा गंज लवकर धरतो. कपलर जोडलेला ठेवून, पंखा लागायला हवा त्या वेळी दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावावा. बारा व्होल्ट येत असूनही पंखा स्तब्ध असेल तर दोष मोटरीचा. व्होल्टेज येत नसेल, तर एक टोक बॅटरीच्या धन अग्रावर ठेवून अर्थिंगची तार तपासावी. अर्थिंगच्या बोल्टखालचा गंज कानसीने साफ केल्यावर पंखा लागल्याची उदाहरणे कमी नाहीत. मोटरीतले कार्बन ब्रश झिजले असतील, तर पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकताच ती फिरू लागते. हा इलाज नव्हे, निदान आहे. अशी मोटर फार दिवस चालत नाही. काही नव्या गाड्यांतील पंखे ब्रशविरहित असून त्यांच्या आतच नियंत्रक असतो. त्यांना बॅटरीची तार थेट लावून पाहू नये.

विजेची वाट ठीक निघाली तर उष्णतेची वाट तपासायची. जुन्या गाड्यांत रेडिएटरवर थर्मोस्विच असतो; त्याचा कपलर काढून दोन टोके तारेने जोडली आणि पंखा लागला, तर स्विच खराब असावा. पण स्विच बदलण्यापूर्वी रेडिएटरचा खालचा होज पाइप हाताने चाचपावा. इंजिन तापलेले आणि हा पाइप थंड, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे, किंवा कूलंट कमी होऊन आत हवा अडली आहे. स्विचपर्यंत उष्णताच न पोहोचल्याने तो गप्प बसतो. कूलंटची पातळी पाहण्याची दोन मिनिटे वाचवून नवा स्विच बसवणारे पुष्कळ भेटतात. संगणक-नियंत्रित गाड्यांत तापमान संवेदक असतो. त्याचा रोध वीस अंशांना दोन-अडीच हजार ओहम, तर ऐंशी अंशांना तीनेकशे ओहम इतका खाली येतो. स्कॅनरवर दिसणारे कूलंटचे तापमान प्रत्यक्षाशी जुळत नसेल तर संवेदक बदलावा. त्याचा कपलर काढताच अनेक गाड्यांचा संगणक सुरक्षिततेसाठी पंखा स्वतःच चालू करतो. ही चाचणी सोपी आहे. स्कॅनरवर पी०४८० हा कोड आला, तर पंख्याच्या नियंत्रण-परिपथात दोष आहे असे समजावे.

यावर गॅरेजमध्ये सुचवला जाणारा तोडगा म्हणजे पंखा ‘डायरेक्ट’ करणे, म्हणजे किल्लीच्या विजेवर थेट जोडणे. भर उन्हात मुक्कामाला पोहोचण्यापुरते ते क्षम्य आहे. कायमचे केल्यास मोटर अकारण झिजते, किल्लीच्या स्विचचे संपर्क जळतात, आणि फ्यूजशिवाय टाकलेली तार आग लावू शकते. सर्वांत वाईट म्हणजे मूळ बिघाड झाकला जातो.

पंख्याची पाती हाताने फिरवून पाहायची असतील तर बॅटरीचे टोक आधी काढावे. काही गाड्यांत किल्ली बंद असतानाही पंखा अचानक लागतो. वाटेत गाडी तापली तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा, बाजूला थांबावे, इंजिन बंद करावे. थंड पाणी इंजिनावर ओतू नये. ॲल्युमिनियमचे हेड वाकते. रेडिएटरच्या झाकणाखाली साधारण एक बार जादा दाब असल्याने आतले कूलंट शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच ते उकळून तोंडावर उसळते. निदान अर्धा तास जाऊ द्यावा, आणि मगच झाकणाला हात लावावा.