मोह : बियांपासून लागवड

मोह (सं. मधूक, हिं. महुआ, शास्त्रीय नाव मधुका लाँगिफोलिया, प्रकार लॅटिफोलिया, कुल सॅपोटेसी) : मध्य भारतातील पानझडी जंगलांत आणि शेताच्या धुऱ्यांवर वाढणारा मोठा, दीर्घायुषी वृक्ष. चिकू याच कुलातला. गोंदिया शहरालगतच्या कुडवा परिसरात वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्येच पडतो. पुढचे आठ महिने जवळजवळ कोरडे जातात आणि मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर चढतो. अशा हवेत हलक्या, मुरमाड जमिनीवरही मोह तग धरतो.

बी : फुले मार्च-एप्रिलमध्ये गळतात. फळे (टोळ, टोरी) मेअखेरपासून पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत पिकतात. फळात बहुधा एक-दोन तपकिरी, चकचकीत, तेलकट बिया असतात. झाड दुष्काळ सोसते, बी मात्र वाळणे सोसत नाही. मोहाच्या बीची उगवणशक्ती काही आठवड्यांतच झपाट्याने घटते. म्हणून साठवणीचे बी लागवडीस घेऊ नये.

पेरणी : झाडाखाली पडलेली पिकलेली फळे गोळा करून गर धुऊन काढतात. बी उन्हात न वाळवता लगेच पोयटा माती, वाळू व शेणखत भरलेल्या उभट पिशवीत सुमारे २ सेंमी. खोल आडवे पेरतात. ताजे बी साधारणपणे दोन-तीन आठवड्यांत उगवते. कोंबाआधी सोटमूळ वेगाने खाली जाते; पिशवी आखूड असल्यास ते तळाशी वेटोळे घेते आणि पुढे झाड नीट धरत नाही. मूळ तुटलेले रोपही सहसा जगत नाही. त्यामुळे उपटून लावण्यापेक्षा पिशवीतले रोप मातीच्या गोळ्यासह पुढच्या पावसाळ्याच्या आरंभी खड्ड्यात लावणे किंवा थेट जागेवर बी टोकणे चांगले. दोन झाडांत ८ ते १० मी. अंतर ठेवतात. पहिली दोन-तीन वर्षे गुरे, वणवा आणि उन्हाळ्यातील कोरड यांपासून रोप जपावे लागते. बियांपासून वाढवलेले झाड फुलावर येण्यास साधारणतः आठ-दहा वर्षे किंवा अधिक काळ लागतो.

नैसर्गिक पुनरुत्पत्ती : वटवाघळे फळे खाऊन बी दूरवर टाकतात. परंतु तेलासाठी बहुतेक टोरी वेचली जाते आणि फुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाला जाळल्यास कोवळी रोपेही जळतात. परिणामी अनेक ठिकाणी जुनी झाडे उभी दिसतात, पण त्यांच्याखाली नवी पिढी दिसत नाही. मोह वेचणाऱ्या प्रत्येक घराने दरवर्षी चांगल्या झाडाच्या मूठभर ताज्या बिया गोळा करून त्याच आठवड्यात धुऱ्यावर टोकाव्यात आणि झाडाखाली आग लावणे टाळावे.